विद्यार्थ्यांची नोंद : पटसंख्येकडून नावाकडे

जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रमासाठी नव्वदच्या दशकाच्या मध्यास ‘डाइस’ ही माहिती प्रणाली उभी राहिली. तीत पटसंख्या कळे, मूल कळत नसे. दोन शाळांच्या पटावरचे एकच मूल दोनदा मोजले जाई. २०२२-२३ पासून ‘यूडायस प्लस’मध्ये विद्यार्थीनिहाय नोंद सुरू झाली आणि २०२३-२४ मध्ये देशाची पटसंख्या २४.८ कोटींवर उतरलेली दिसली. ही घट दुबार नोंदींची किती व खरोखर गळालेल्या मुलांची किती, हे जिल्ह्यालाच पडताळावे लागेल. शाळा सोडलेल्या, पण अन्यत्र दाखल न झालेल्या मुलांची नावे ‘ड्रॉपबॉक्स’मध्ये राहतात. वीटभट्टीवर गेलेल्या कुटुंबाचे मूल त्यातून शोधता येते. मात्र यादी घेऊन भट्टीपर्यंत जाणारा माणूस जिल्ह्याने नेमला असेल तरच.