जमिनीची कुजबूज आणि वस्तीचा प्रश्न

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि सुमारे दहा हजार माणसे मेली. माणूस भूकंपाने मरत नाही, घराने मरतो, असे तेव्हापासून पुष्कळांनी म्हटले. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरचे मातीचे ओझे पाहता ते खरेच आहे. पण ते अपुरे आहे. भूकंप आणि घर यांच्यामध्ये जमीन असते, आणि ती सर्वांच्या वाट्याला सारखी आलेली नाही.

वर्धा जिल्ह्याचेच घ्या. भूकंपाच्या नकाशावरील रंगाला आर्वीकडचा खडकाळ माळ आणि हिंगणघाटला वणेच्या काठचा गाळ यांतला फरक दिसत नाही. विहीर खणणाऱ्या मजुराला मात्र तो ठाऊक असतो. आधी काळी माती, मग मुरूम, मग काळा पाषाण. कुठे चार हातांवर दगड लागतो, कुठे तीस हात खणूनही लागत नाही.

खडकावरची ही मऊ माती डफड्याच्या कातड्यासारखी वागते. तिला स्वतःचा एक सूर असतो. मातीतील कंपनलहरीचा वेग तिच्या जाडीच्या चौपटीने भागला की तो मिळतो: वेग सेकंदाला २०० मीटर आणि जाडी १० मीटर असेल, तर सेकंदाला ५ कंपने. भूकंपात नेमकी तीच कंपने फुगतात. १९ सप्टेंबर १९८५ ला मेक्सिको शहरापासून साडेतीनशेहून अधिक किलोमीटर दूर भूकंप झाला, तरी जुन्या तळ्याच्या गाळावरच्या उंच इमारती कोसळल्या. कारण गाळाचा आणि इमारतींचा सूर जुळला.

हा सूर ओळखण्यासाठी भूकंपाची वाट पाहावी लागत नाही. दूरच्या समुद्राच्या लाटा, वारा, रेल्वे, मालमोटारी यांमुळे जमीन सतत थरथरत असते. आपल्याला ते जाणवत नाही इतकेच. जपानच्या युताका नाकामुरा यांनी १९८९ मध्ये यावर आधारलेली रीत प्रसिद्ध केली. एकच उपकरण ही थरथर तीन दिशांनी नोंदवते. आडवे कंपन उभ्या कंपनाने भागायचे. मऊ माती आडवे कंपन वाढवते, उभे त्या मानाने थोडे. म्हणून मातीच्या सुरापाशी या भागाकाराला शिखर येते. उघड्या खडकावर असे शिखर सहसा दिसत नाही. एका जागी अर्धा-पाऊण तास पुरतो, खोल छिद्र पाडण्याचा खर्च नाही. जबलपूरला १९९७ च्या भूकंपानंतर शहराचा जो सूक्ष्म अभ्यास झाला त्यातही ही रीत वापरली गेली.

पण यंत्र म्हणजे साक्षात्कार नव्हे. शिखर कोठे आहे हे विश्वासाने सांगता येते. भूकंपात हादरा किती पट वाढेल हे शिखराच्या उंचीवरून ठरवणे धोक्याचे. जवळ जिनिंगची यंत्रे चालू असली तर तीही एक खोटे, सुईसारखे टोकदार शिखर उभे करतात; ते तिन्ही दिशांच्या नोंदींत एकाच जागी दिसते, यावरून ओळखावे. उन्हाळ्यात भेगाळलेल्या काळ्या मातीवर यंत्र नुसते ठेवून भागत नाही, जागा ठोकून सपाट करावी लागते.

आता वस्तीचा प्रश्न. आपल्या अनेक गावांत उंचवट्याची, निचऱ्याची जागा गावाने घेतली आणि गावकुसाबाहेरच्यांना नाल्याकडेची मिळाली. नाल्याकडे गाळ जाड असतो. ही विभागणी भूगर्भशास्त्राने केली नाही. आपल्या महाविद्यालयांतील भूगोलाचे, पदार्थविज्ञानाचे विद्यार्थी एकाच रात्री वरच्या आळीत आणि नाल्याकाठी अशा दोन्ही जागी मोजणी का करीत नाहीत? मोजणीसाठी गेलेला माणूस बहुधा गाडी उभी राहते तिथेच, म्हणजे ग्रामपंचायतीसमोर, यंत्र लावतो.

या मोजणीचा उपयोग अगदी रोजचा आहे. ढोबळ हिशेबाने एकमजली घर सेकंदाला १० च्या आसपास कंपने घेते, दुमजली ५ च्या. म्हणजे दहा मीटर मातीवरचे घरकुल आज तिच्या सुरात नाही. मुलाच्या लग्नानंतर वर एक मजला चढवला, की ते सुरात येते. तेव्हा मजला चढवण्याआधी विहीर खणणाऱ्याला विचारावे, आणि यंत्र मिळाले तर ते त्याच घराच्या अंगणात लावावे.