चुंबक किलोभर, फट मिलिमीटरभर

संपादकांचा प्रश्न सरळ होता. साठ वर्षांपूर्वीच्या गिटार-स्पीकरसाठी लोक नव्याच्या कितीतरी पट पैसे मोजतात, ते त्याच्या चुंबकासाठी की नुसत्या नावासाठी? जुनं चुंबक खरंच वेगळं असतं का, आणि असेल तर ते कुणी मोजून दाखवू शकतं का?

या शोधासाठी इंग्लंडचा केंट परगणा योग्य होता. तिथल्या डार्टफर्ड गावात, टॉम जेनिंग्ज यांच्या कारखान्यात, डिक डेनी यांनी 1958च्या सुमारास व्हॉक्सचा एसी15 हा अॅम्प्लिफायर घडवला. मोठ्या सभागृहांत शॅडोज या बँडला त्याचा आवाज पुरेना, म्हणून दुप्पट ताकदीचा एसी30 आला. त्यात सेलेस्टियन कंपनीचे बारा इंची दोन स्पीकर असत, निळ्या रंगाचे आणि अल्निको नावाच्या मिश्रधातूच्या चुंबकाचे. पुढे बीटल्सच्या मागे याच पेट्या दिसू लागल्या. पश्चिम लंडनमध्ये, हॅनवेलला, जिम मार्शल यांनीही 1962पासून आपल्या अॅम्प्लिफायरसाठी आधी सेलेस्टियनचेच अल्निको चुंबकाचे स्पीकर घेतले. दशकाच्या मध्यावर त्यांच्या पेट्यांत सिरॅमिक चुंबकाचे, मागे हिरवं झाकण असलेले स्पीकर आले. वादकांमधला वाद तेव्हापासून या दोन रंगांभोवती फिरतो आहे. अधिकृत इतिहास मी एवढाच वाचला, कारण मला ज्या माणसाला भेटायचं होतं ते इतिहासापेक्षा फटीबद्दल बोलणारे होते.

त्यांची छोटी कार्यशाळा घरामागच्या शेडमध्ये आहे. सत्तरी ओलांडलेले हे गृहस्थ फक्त स्पीकर दुरुस्त करतात. फाटलेले कोन, जळलेल्या कॉइल, सरकलेली चुंबकं हेच त्यांच्याकडे येतं. गिऱ्हाइकाने स्पीकर टेबलावर ठेवला की बहुधा तो आधी हातात तोलून वजनावर काहीतरी बोलतो. ते शांतपणे ऐकून घेतात आणि मग म्हणतात, आपण फट मोजू या.

स्पीकरमध्ये तांब्याच्या बारीक तारेची कॉइल लोखंडाच्या दोन भागांमधल्या गोल फटीत तरंगत असते. फट जेमतेम मिलिमीटरभर रुंद. चुंबक कितीही मोठं असो, उपयोग होतो तो या फटीत पोचलेल्या चुंबकत्वाचाच. तिथे जितकी ताकद आणि तारेची लांबी जितकी, तितका धक्का कोनाला बसतो. म्हणून वजन फसवतं. मार्शलच्या पेट्यांतल्या हिरव्या जी12एमचं सिरॅमिक चुंबक 35 औंसांचं, म्हणजे साधारण एक किलोचं. त्याचाच थोरला भाऊ जी12एच 50 औंसांचा. तरी अल्निको आणि सिरॅमिक यांची वजनं शेजारी ठेवून काहीच कळत नाही, कारण दोन्ही पदार्थांचा स्वभावच निराळा आहे.

अल्निको हा लोखंड, निकेल, कोबाल्ट, अॅल्युमिनियम आणि थोड्या तांब्याचा मिश्रधातू. ओतल्यावर तो चुंबकीय क्षेत्रात ठेवून थंड करतात, म्हणजे त्याची सगळी ताकद एकाच दिशेला वळते. त्यात चुंबकत्व भरपूर मावतं, पण उलट्या क्षेत्रापुढे ते लवकर हार मानतं. म्हणून तो उंच आणि अरुंद घडवावा लागतो. 1952मध्ये फिलिप्सच्या संशोधकांनी जाहीर केलेलं बेरियम फेराइट नेमकं उलट. त्यात चुंबकत्व कमी मावतं, पण जे आहे ते सहज सुटत नाही. म्हणून ते पसरट चकतीसारखं, मोठ्या क्षेत्रफळाचं करतात. निळ्या स्पीकरची मागची बाजू उंच आणि हिरव्याची रुंद का, याचं उत्तर एवढंच. रुंद दिसतं ते जोरदार, ही समजूत इथेच गळून पडते.

मग मोजायचं कसं? तयार स्पीकरच्या फटीत कॉइल बसलेली असते, मोजणी-यंत्राचं टोक आत घालायला जागा नसते. त्यांची पद्धत पाहून मी खरोखर हरखून गेले. स्पीकर तोंड वर करून ठेवायचा. कोनाच्या मधोमध 100 ग्रॅमचं वजन ठेवायचं, कोन किंचित खाली बसतो. मग कॉइलमधून बॅटरीसारखा सरळ प्रवाह हळूहळू वाढवत न्यायचा, सूक्ष्ममापकाचा काटा पहिल्या जागी येईपर्यंत. वजनाचा भार भागिले प्रवाह, की स्पीकरच्या धक्क्याचा आकडा हातात येतो. 70 मिलिअँपिअरला काटा परत आला तर 14, आणि 85 लागले तर साडेअकरा. ना महागडं यंत्र, ना कुणाच्या कानावर विश्वास. तराजूसारखीच ही गोष्ट, फक्त दुसऱ्या पारड्यात वीज.

पण 14 चा स्पीकर साडेअकराच्या स्पीकरपेक्षा जोरदार असेलच असं नाही. पहिल्याची कॉइल 16 ओहमची असेल तर त्यात तार जास्त, म्हणून आकडा मोठा दिसतो. आकड्याचा वर्ग करून कॉइलच्या रोधाने भागायचं. समजा रोध अनुक्रमे 13 आणि साडेसहा ओहम आहेत, तर उत्तरं सुमारे 15 आणि 20 येतात. लहान आकड्याचा स्पीकरच खरा बलवान ठरतो. हा भागाकार न करता केलेली तुलना मला अप्रामाणिक वाटते, मग ती करणारा वादक कितीही मोठा असो.

चुंबकाची ही ताकद ऐकूही येते. सेलेस्टियनचा निळा स्पीकर एका वॅटला एक मीटरवर 100 डेसिबल देतो, हिरवा 98. दोन डेसिबल किरकोळ वाटतात, पण त्याचा हिशेब असा की 15 वॅट सोसणारा निळा स्पीकर जवळपास 24 वॅट घेणाऱ्या हिरव्याइतका मोठा बोलतो. बलवान चुंबक कोनाला लगामही घालतं, तार छेडली की सूर लगेच उठतो आणि खर्ज लोंबकळत नाही. कमजोर चुंबकाचा खर्ज सैल आणि फुगीर. काही वादकांना तोच हवा असतो, आणि त्यांचं चुकतं असं कोण म्हणेल?

आता अडचणी. पहिली म्हणजे ‘चुंबक म्हातारं झालं’ ही सर्रास ऐकू येणारी तक्रार. अल्निको वयाने जवळजवळ काहीच गमावत नाही. समजा फटीतली ताकद 10 टक्क्यांनी घटली, तरी आवाज एक डेसिबलही उतरत नाही. अल्निकोचा घात होतो तो माणसाच्या हातून. लोखंडी चौकटीतून चुंबक नुसतं बाहेर काढलं की त्याचं स्वतःचंच क्षेत्र त्याच्यावर उलटतं आणि मोठा भाग कायमचा जातो. परत जागेवर बसवलं तरी गेलेलं येत नाही. पुन्हा भारायचं तर प्रचंड क्षणिक प्रवाहाचा झटका देणारं यंत्र लागतं, आणि ते फार थोड्यांकडे आहे. सरकलेलं चुंबक ठोकून जागेवर आणण्याच्या नादात कित्येक निळे स्पीकर असे निकामी झाल्याचं त्यांनी सांगितलं, तेव्हा त्यांच्या आवाजातला राग लपत नव्हता.

दुसरी अडचण उष्णतेची. मोठ्याने वाजवताना अल्निको ‘मऊ होतो’ आणि आवाज गोड दाबला जातो, असं वादक सांगतात. तापल्यावर अंश सेल्सियसमागे सिरॅमिक साधारण 0.2 टक्के ताकद गमावतं, अल्निको त्याच्या दहाव्या हिश्शाएवढी. म्हणजे उष्णतेपुढे अल्निकोच जास्त टिकतो. आवाज दबतो त्याचं मोठं कारण कॉइलचं तांबं आहे. ते 100 अंशांनी तापलं तर त्याचा रोध 39 टक्क्यांनी वाढतो. अल्निकोतून वीज वाहते, सिरॅमिकमधून नाही, त्यामुळे कॉइलच्या धक्क्यांनी अल्निकोच्या फटीतलं क्षेत्र कमी डळमळतं, हा फरक मात्र खरा आहे.

तिसरी अडचण कोबाल्टची. 1978मध्ये झैरच्या, म्हणजे आजच्या काँगोच्या, शाबा प्रांतात, म्हणजे जुन्या कटांगात, लढाई पेटली आणि कोबाल्टचा भाव कित्येक पटींनी चढला. स्पीकर करणाऱ्यांनी अल्निको झपाट्याने सोडला. पुढे निळा स्पीकर पुन्हा बनू लागला, पण आज कोबाल्टवर बॅटरीवाल्यांचा डोळा आहे आणि त्याच्या खाणींचा मोठा हिस्सा अजूनही काँगोतच आहे. गिटारचा एक सूर त्या खाणींच्या भावावर अवलंबून असावा याची मला काळजी वाटते.

सर्वांत मोठी अडचण चुंबकाची नाहीच, कागदाची आहे. जुन्या सेलेस्टियनचे कोन 1970च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत पल्सॉनिक नावाच्या कारखान्यातून येत. चुंबक पुन्हा भारता येतं, कॉइल पुन्हा गुंडाळता येते, पण त्या लगद्याचा, त्या जाडीचा, साठ वर्षं वाळलेला कागद कुणी बनवत नाही. कोन बदलला की त्याचं वजन बदलतं, कडांचा ताठपणा बदलतो, आणि मग बलवान चुंबकाचा आवाजही ओळखू येत नाही. म्हणून ते शक्यतो नवा कोन बसवतच नाहीत. फाटलेल्या जागी पातळ टिश्यू कागद आणि पाण्यात कालवलेला गोंद, एकेक थर वाळवत, दोन-तीन दिवस. घाईत असलेलं गिऱ्हाईक नवा कोन मागतं, तेव्हा ते आधी मोजलेला आकडा लिहून देतात आणि जुना कोन फेकू नका म्हणून बजावतात. स्पीकर विकत घ्यायला निघालेल्याने, ते म्हणाले, दोनच गोष्टी विचाराव्यात: कोन मूळचा आहे का, आणि चुंबक कधी उघडलं होतं का. दुसऱ्या प्रश्नाला विकणारा अडखळला, तर शंभर ग्रॅमचं वजन बाहेर काढावं.