सायकलमार्ग : लक्षण, विचार आणि आचार

एखाद्या शहरात सायकलमार्ग किती किलोमीटर आहेत, असा प्रश्न केला असता मिळणारा आकडा हा जमिनीवरील वस्तुस्थितीपेक्षा मोजणाऱ्याने 'सायकलमार्ग' या शब्दाने काय काय गृहीत धरले आहे, यावर अधिक अवलंबून असतो. मोटारींपासून पूर्णतः अलग केलेला डांबरी मार्ग, रस्त्याच्या कडेला रंगाने आखलेली पट्टी, पदपथाचाच लाल फरशा बसविलेला भाग आणि नदीकाठची फिरावयाची वाट या चारही वस्तूंना व्यवहारात आपण 'सायकल ट्रॅक' असे एकच नाव देतो. भाषेच्या अभ्यासकाने या विषयात लक्ष घालण्याचे कारण येथेच आहे. संज्ञा शिथिल असली की तिच्या आधाराने केलेली गणनाही शिथिल होते. आणि ज्या गणनेवर सार्वजनिक पैसा खर्च होतो व माणसांचे जीवित अवलंबून असते, ती शिथिल असणे परवडत नाही. भारतात २०२२ साली रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत चार हजारांहून अधिक सायकलस्वार होते.

महानुभावांच्या सूत्रपाठावरील टीकापरंपरेत लक्षण, विचार आणि आचार असे त्रिविध विभाजन आढळते. रिद्धपूरच्या वाचकांस ते परिचित आहे. त्यातील तात्त्विक आशय बाजूस ठेवून केवळ मांडणीची सोय म्हणून तोच क्रम येथे स्वीकारला आहे.

लक्षण

प्रथम शब्दांकडे पाहू. संस्कृत 'मार्ग' हा शब्द 'मृग' शब्दाशी संबद्ध असून शोध घेणे हा अर्थ त्याच्या मुळाशी आहे. मराठीत त्याच शब्दाचा तद्भव 'माग' झाला. माग काढणे या प्रयोगात तो मूळ अर्थ अद्यापि जिवंत आहे. 'वाट' हा शब्द संस्कृत 'वर्त्मन्'पासून प्राकृतातून आला. 'रस्ता' हा फारसी असून सरळ, योग्य या अर्थाच्या 'रास्त' शब्दाशी त्याचे नाते आहे. अर्थात व्युत्पत्तीवरून रस्ते बांधता येत नाहीत. परंतु जाणाऱ्याच्या पाऊलखुणा, जाण्याची क्रिया आणि सरळपणा या तीन कल्पना या तीन शब्दांच्या मुळाशी आहेत, आणि सायकलमार्गाच्या गुणवत्तेचा विचार करताना त्या तिन्ही पुन्हा भेटतील.

लक्षणाचे दोष तीन : अव्याप्ती, अतिव्याप्ती आणि असंभव. 'सायकलींसाठी राखलेली जागा म्हणजे सायकलमार्ग' असे लक्षण केले, तर पदपथाच्या कडेची एक मीटरची फरशीही त्यात मोडते, मग तिच्या मध्यभागी विजेचा खांब उभा असला तरी चालते. ही अतिव्याप्ती होय. उलट 'रस्त्यापासून अलग बांधलेला मार्ग' एवढेच लक्षण केले, तर मोटारींचा वेग मुद्दाम कमी ठेवून सायकलींना निर्भय केलेली गल्ली वगळली जाते. ही अव्याप्ती. म्हणून एकाच शब्दावर सर्व भार न टाकता चार संज्ञा वेगळ्या ठेवणे इष्ट वाटते. उंचवटा, कठडा किंवा झाडोरा यांनी मोटारींपासून अलग केलेला तो सायकलमार्ग. केवळ रंगाने आखलेला तो सायकलपट्टा. नदी, कालवा किंवा उद्यान यांच्या कडेने रस्त्याशी संबंध न ठेवता जाणारी ती सायकलवाट. आणि जेथे वेग इतका मर्यादित आहे की सर्व वाहने एकत्र चालू शकतात, तो संथ रस्ता. शहराच्या अहवालात या चारांची लांबी चार रकान्यांत वेगळी दिली, तर आकड्यांतील निम्मा गोंधळ नाहीसा होईल.

विचार

नाव दिल्यावर गुणाचा प्रश्न येतो. या विषयावरील भारतीय मानक बरेच जुने आहे. भारतीय रस्ते परिषदेने म्हणजे इंडियन रोड्स काँग्रेसने सायकलमार्गांच्या आखणीसंबंधीची आपली शिफारस १९६२ साली प्रसिद्ध केली. तिची सुधारित आवृत्ती २०१५ साली निघाली. १९६२ च्या संहितेने मार्गाची किमान रुंदी २ मीटर ठरविली होती, आणि पुढे सायकलींच्या प्रत्येक वाढीव रांगेसाठी १ मीटर वाढवावे असे सांगितले होते. स्वाराच्या डोक्यावर किमान सव्वादोन मीटर मोकळी जागा असावी, हेही तीत होते. याहून महत्त्वाचे असे एक तत्त्व त्या संहितेत होते. सायकलस्वारांनी मार्ग वापरावा अशी अपेक्षा असेल, तर त्याचा पृष्ठभाग व त्यावरील दिवाबत्ती मुख्य रस्त्याच्या तोडीची किंवा त्याहून सरस असली पाहिजे. ज्या मार्गावर शेजारच्या डांबरी रस्त्यापेक्षा अधिक हादरे बसतात, तो मार्ग सोडून स्वार रस्त्यावर येतो, आणि मग 'मार्ग असूनही लोक तो वापरीत नाहीत' असा ठपका त्याच्यावरच येतो. कडा कापलेल्या फरशांवरून सायकल नेणाऱ्यास या तत्त्वाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

मार्ग केव्हा बांधावा, याचाही निकष संहितेने दिला होता. रस्त्यावर तासाला १०० ते २०० मोटारवाहने असतील, तर गर्दीच्या तासात ४०० सायकली झाल्यावर स्वतंत्र मार्ग करावा. परंतु मोटारवाहने तासाला २०० हून अधिक असतील, तर केवळ १०० सायकली असल्या तरी तो समर्थनीय ठरतो. म्हणजे मोटारी वाढल्या की सायकलींची आवश्यक संख्या कमी होते. 'आता सायकल चालवितो कोण?' हा आक्षेप वारंवार घेतला जातो. त्याचे उत्तर या निकषात आधीच दिलेले आहे. उरलेल्या सायकलस्वारांची संख्या जितकी कमी आणि भोवतालची रहदारी जितकी दाट, तितकी त्यांच्या रक्षणाची गरज अधिक. शिवाय हे उरलेले लोक कोण आहेत, हेही पाहावे लागते. २०११ च्या जनगणनेनुसार शेती व घरगुती उद्योग वगळून इतर काम करणाऱ्या भारतीयांपैकी सुमारे १३ टक्के लोक कामावर सायकलने जात होते. दुचाकी मोटारवाहनाने जाणाऱ्यांचे प्रमाण जवळपास तेवढेच होते. रात्रपाळीचे पहारेकरी, बांधकामावरील मजूर, वर्तमानपत्रे टाकणारी मुले या वर्गाला सायकल हा छंद नसून मजुरीचाच भाग आहे.

रुंदी व पृष्ठभाग हे एका तुकड्याचे गुण झाले. सबंध जाळ्याचे गुण कोणते, याचे सर्वांत सुटसुटीत विवेचन नेदरलँड्समध्ये झाले आहे. त्या देशातही दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारींनी सायकली हटविल्या होत्या. रस्त्यांवर होणाऱ्या मुलांच्या मृत्यूंविरुद्ध १९७० नंतरच्या दशकात तेथे मोठे जनआंदोलन झाले आणि त्यानंतर धोरण बदलले. तेथील आखणीशास्त्र पाच गुण मागते : सलगता, सरळपणा, सुरक्षितता, सुखदता आणि आकर्षकता.

यांपैकी सलगता व सुरक्षितता यांचे थोडे स्पष्टीकरण हवे. दोन किलोमीटरचा उत्तम मार्ग आणि मध्ये पन्नास मीटरचा धोक्याचा चौक असेल, तर त्या मार्गाची योग्यता त्या पन्नास मीटरांवरून ठरते. कारण शाळेत जाणाऱ्या मुलीचा बाप तिला पाठवावे की नाही, हे त्या चौकाकडे पाहून ठरवितो. आपल्याकडील मार्ग बहुधा नेमके चौकाच्या अलीकडे संपतात, म्हणजे जेथे गरज अधिक तेथेच ते स्वाराला सोडून देतात. चांगल्या आखणीत मार्ग चौकातून पलीकडे जातो. ओलांडण्याची जागा थोडी उंच केलेली असते आणि कोपऱ्याची वळणे आवळलेली असतात, त्यामुळे वळणाऱ्या मोटारीला वेग कमी करावाच लागतो. वेगाचे महत्त्व पदार्थविज्ञानातून समजते. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ३० किलोमीटरची मोटार ६० ने धावू लागली की आघाताची ऊर्जा दुप्पट न होता चौपट होते. म्हणून वेगवान रस्त्यावर अलगपणा आवश्यक असतो, तर संथ रस्त्यावर केवळ वेगनियमनाने काम भागू शकते. रंगाचा पट्टा मोटारीला थांबवीत नाही. त्याचे सामर्थ्य सूचनेचे आहे, संरक्षणाचे नव्हे.

या कसोट्या लावून पाहण्यास पुण्याइतके उद्बोधक उदाहरण महाराष्ट्रात दुसरे नाही. एके काळी सायकलींचे शहर म्हणून प्रसिद्ध असलेल्या या नगरात स्कूटर व मोटारसायकल आल्यानंतर सायकल हळूहळू मागे पडली. २००५ च्या डिसेंबरात केंद्र सरकारने जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियान सुरू केले, आणि २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने वाहनांच्या ऐवजी माणसांच्या हालचालीला प्राधान्य द्यावे असे सांगितले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात कात्रज–स्वारगेट–हडपसर या मार्गावर बसगाड्यांसाठी राखीव मार्गिका सुरू झाली व तिच्या कडेने सायकलमार्गही बांधले गेले. परंतु कागदावर अखंड दिसणाऱ्या अशा मार्गांवर प्रत्यक्षात बसथांबे, झाडांची आळी, रोहित्रे, गटारांची झाकणे आणि उभी केलेली वाहने यांचे अडथळे येत राहिले. येथे रुंदीचा व पृष्ठभागाचा दोष होताच. मुख्य दोष सलगतेचा होता.

पुढे महानगरपालिकेने रस्त्यांच्या आखणीसाठी मार्गदर्शक तत्त्वे तयार केली, जंगली महाराज रस्त्याची त्यांस अनुसरून पुनर्रचना केली, आणि २०१७ च्या डिसेंबरात सर्वसाधारण सभेने आठशेहून अधिक किलोमीटरांच्या जाळ्याची सर्वंकष सायकल योजना मंजूर केली. सायकलसाठी निरनिराळ्या रस्त्यांवर निरनिराळ्या प्रकारची सोय लागते, हे या योजनेने मान्य केले, ही तिची जमेची बाजू होय. त्याच महिन्यात औंध भागात भाड्याच्या सायकली सुरू झाल्या. २०१८ मध्ये आणखी कंपन्या उतरल्या. परंतु थोड्याच वर्षांत त्या सायकली रस्त्यांवरून नाहीशा झाल्या. त्यास व्यापारी कारणेही होती, हे खरे. तथापि वाहन पुरविले आणि मार्ग अपुरा राहिला, तर वाहनाचा उपयोग मर्यादितच राहतो, एवढा बोध त्यातून घेता येतो. केंद्र सरकारने २०२० साली सायकलस्नेही शहरांसाठी स्पर्धा योजिली. २०२१ मध्ये निवडल्या गेलेल्या अकरा शहरांत नागपूर व पिंपरी-चिंचवड ही होती. अशा प्रायोगिक कामांत बहुधा पट्टे आखून आरंभ होतो, आणि ते योग्यही आहे. मात्र पट्ट्याचे मार्गात रूपांतर होईपर्यंत त्याला 'मार्ग' म्हणू नये.

आचार

आता कर्तव्याचा भाग. हा प्रश्न केवळ महानगरांचा आहे, अशी समजूत होणे संभवते. ती बरोबर नाही. मानव विकास कार्यक्रमाखाली राज्यातील १२५ मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या, शाळेपासून पाच किलोमीटरपर्यंत राहणाऱ्या गरजू मुलींना सायकली देण्याची योजना राबविली गेली. ज्या शासनाने मुलीच्या हाती सायकल दिली, त्याच शासनाच्या रस्त्यावर तिच्यासाठी जागा आखलेली नसते. ट्रकच्या हवेच्या झोताने ती मुरमाच्या कडेवर उतरते. मोटार वाहन अधिनियमाखाली सायकलची नोंदणी नसल्यामुळे तिची सायकल वाहनांच्या नोंदवहीतही सापडत नाही. जे मोजले जात नाही त्याची तरतूद होत नाही. म्हणून पहिले काम मोजण्याचे आहे.

हे काम पदव्युत्तर विद्यार्थी सहज करू शकतील. आपल्यासमोर स्थानपोथीचा आदर्श आहे. श्रीचक्रधर व श्रीगोविंदप्रभू यांच्या वास्तव्याची स्थाने चौदाव्या शतकातील या ग्रंथाने दिशा, सन्निधता आणि रचना यांसह नोंदविली. 'अमुक गावी देऊळ आहे' एवढ्यावर तो थांबत नाही. ते कोणाभिमुख आहे आणि कशाच्या कोणत्या अंगास आहे, हे तो सांगतो. अमरावती, अकोला किंवा अचलपूर येथील शाळेकडे जाणारा एखादा रस्ता घ्यावा. गर्दीच्या तासात मोटारी किती व सायकली किती, हे मोजावे. दर शंभर मीटरला उपलब्ध रुंदी, पृष्ठभाग, अडथळा आणि दिवा यांची नोंद करावी. चौकात सायकलस्वार प्रत्यक्षात कोठून जातात, त्याचा माग काढावा. कारण मार्ग आखावयाचा तो त्या मागाला धरूनच. शेवटी जे दिसले त्यास चार संज्ञांपैकी योग्य ती संज्ञा द्यावी, आणि एकही लागू पडत नसेल तर 'काही नाही' असे स्पष्ट लिहावे.

अशी नोंद हाती असली की नगरपालिकेशी बोलताना केवळ तक्रार राहत नाही. '१९६२ पासूनच्या निकषाने येथे स्वतंत्र मार्ग हवा. आहे तो सायकलपट्टा, तोही चौकापूर्वी चाळीस मीटरवर संपतो' असे वाक्य ज्यास लिहिता येते, त्याच्या म्हणण्यास उत्तर द्यावे लागते. मराठीत शास्त्रीय परिभाषा हवी, असे आपण नेहमी म्हणतो. ती कोशातच राहिली तर तिचा उपयोग थोडा. रस्त्यावरील खांबाला खांब आणि पट्ट्याला पट्टा म्हणण्याच्या कामी आली, तर तिने पाच किलोमीटर सायकल हाकीत शाळेला जाणाऱ्या मुलीचेही काही काम केले असे होईल.