आजोबांच्या पेटीतले रिव्हॉल्व्हर

पावसाळ्याआधी घरावरचे कवेलू फेरायला काढले की माळ्यावरची जुनी लोखंडी पेटी खाली येते. पुसद, दिग्रस, उमरखेडकडे आपल्या कितीतरी घरांत अशा पेट्या आहेत. त्यात पलटणीतल्या आजोबांचे पदक निघते, पेन्शनचे कागद निघतात. पण एखादे गंजलेले रिव्हॉल्व्हर निघाले तर? ऊर भरून येईल; परंतु घाई केली तर सारे घर अडचणीत येईल. म्हणून बंधू-भगिनींनो, आम्ही हे लिहीत आहोत.

पहिली गोष्ट, चाप ओढू नका आणि मुलांना दूर ठेवा. आत जुने काडतूस असू शकते.

ओळख डोळ्यांनीच करा. मध्ये गोळ्यांचे फिरते चाक असेल तर ते रिव्हॉल्व्हर. गोळ्या मुठीत भरत असतील तर बहुधा पिस्तूल. अंगावर कारखान्याचे नाव, क्रमांक व ठसे असतात. ‘वेब्ली’ हे नाव इंग्लंडमधील बर्मिंगहॅमच्या कारखान्याचे. बाणाच्या टोकासारखी खूण म्हणजे ब्रिटिश सरकारची मालकी. गंज घासू नका. क्रमांक हाच पुरावा असतो आणि तो खोडणे गुन्हा आहे. १७ डिसेंबर १९२८ रोजी लाहोरमध्ये राजगुरू व भगतसिंग यांनी साँडर्सला मारले. त्यातील भगतसिंगांचे कोल्ट पिस्तूल २०१६ साली क्रमांकावरूनच ओळखले गेले. ते बाबासाहेबांच्या जन्मगावाजवळ, महूपासून थोड्याच अंतरावर, इंदूरच्या सीमा सुरक्षा दलाच्या संग्रहालयात होते.

आता कायदा. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे विनापरवाना हत्यार घरात ठेवणे गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यास किमान २ वर्षे कैद आहे. केवळ जुने म्हणून सूट मिळत नाही. दुरुस्त करूनही जे चालणार नाही, अशाच पुराण्या हत्याराला सूट आहे. ते आपण ठरवू नये. जवळच्या पोलीस ठाण्यात विनाविलंब लेखी कळवा, ते रीतसर जमा करा, पावती घ्या. वारसालाही असे जमा करण्याची तरतूद त्याच कायद्यात आहे. आजोबांच्या नावे परवाना असेल तर वारसाने जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा.

हत्यार गेले म्हणून आजोबांचे शौर्य जात नाही. सैन्यातले शस्त्र शिपायाचे नसते, सरकारचे असते. नोकरी संपली की ते परत करावे लागते. म्हणून पेटीतले हत्यार पलटणीचेच असेल असे नाही. खरी साक्ष कागद देतात. आपली भरती इंग्रजांनी बंद केली होती. पुढे १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली, ती १९२१ मध्ये मोडली. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट स्थापन झाली. पहिल्या महायुद्धाच्या पदकाच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, नाव व पलटण कोरलेली असते. महार रेजिमेंटचे अभिलेख कार्यालय सागर येथे आहे; त्या क्रमांकाने तेथे विचारता येते.

लोखंड ठाण्यात जाऊ द्या. पदक आणि कागद मात्र भंगारात देऊ नका. आजी आहे तोवर तिच्याकडून सारे विचारून मुलांकडून वहीत लिहून घ्या. जयभीम!