थकव्याची वही

कोल्हापूरच्या गंगावेश, शाहूपुरी किंवा मोतीबाग तालमीतला पैलवान हरला की मेहनत कमी पडली, असेच बहुधा म्हटले जाते. ती जास्त झाली असेल, ही शंका क्वचितच कोणाला येते. पहाटेचे जोर, बैठका आणि सपाटे, संध्याकाळी लाल मातीतली झटापट, वर दूध-बदामाचा खुराक, अशा दिनक्रमात थकवा हा दोष समजला जातो आणि तो लपवणे हा गुण ठरतो. क्रीडाविज्ञान मात्र ज्याला अतिसराव म्हणते, तो बहुतेक वेळा अशाच मेहनती खेळाडूच्या वाट्याला येतो.

सरावाने स्नायू थकतात, त्यांच्यातील साठे रिते होतात आणि पुढच्या विश्रांतीत शरीर ही झीज भरून काढताना थोडी जास्तीची तयारी करून ठेवते. ताकद वाढते ती या विश्रांतीच्या काळात. भरपाई पुरी होण्याआधीच पुढचा भार पडत राहिला तर कामगिरी घसरू लागते. ही घसरण काही दिवसांत वा एक-दोन आठवड्यांत भरून निघत असेल तर ती सरावाचाच भाग मानतात आणि अनेक प्रशिक्षक ती मुद्दाम घडवून आणतात; सावरायला कित्येक आठवडे लागले तर तो तोट्याचा व्यवहार होय, आणि पुरेशी विश्रांती घेऊनही महिनोन् महिने जोम परतला नाही, झोप उडाली, भूक मेली, चिडचिड वाढली, तर त्या अवस्थेला अतिसराव-लक्षणसमूह म्हणतात. युरोप आणि अमेरिकेतील क्रीडावैद्यकाच्या संस्थांनी 2013 मध्ये संयुक्तपणे प्रसिद्ध केलेल्या निवेदनात हीच विभागणी आहे. या अवस्थेचे निदान करणारी एकही रक्तचाचणी नाही. रक्तक्षय, थायरॉईडचे विकार, जुना संसर्ग, अपुरा आहार अशी कारणे एकेक करून बाद करावी लागतात, आणि म्हणूनच उपचारापेक्षा आधीपासून लक्ष ठेवण्याला महत्त्व आले.

लक्ष ठेवण्याची सर्वांत स्वस्त रीत अमेरिकी शरीरक्रियातज्ज्ञ कार्ल फॉस्टर यांनी रुजवली. सराव संपल्यावर सुमारे अर्ध्या तासाने खेळाडूने तो किती जड गेला हे 0 ते 10 या मापात सांगायचे आणि त्या आकड्याला सरावाच्या मिनिटांनी गुणायचे. दीड तासाच्या सरावाला 7 गुण दिले तर त्या दिवसाचा भार 630. फॉस्टर एवढ्यावर थांबले नाहीत. आठवड्याची दैनिक सरासरी काढून तिला रोजच्या चढउताराच्या मापाने, म्हणजे प्रमाण विचलनाने, भागले की सराव किती एकसुरी आहे ते कळते. रविवारी सुटी आणि उरलेले सहा दिवस रोज 600, असा आठवडा घेतला तर एकूण भार 3600 आणि एकसुरीपणा सुमारे 2.3 येतो, तोच 3600 चा भार 1000, 300, 900, 200, 900, 300 असा वाटला तर तो 1.3 वर उतरतो. मेहनत तेवढीच, पण पहिल्या आठवड्यात रविवारची सुटी सोडली तर शरीराला हलका दिवस असा मिळतच नाही. फॉस्टर यांनी 1998 मध्ये मांडलेल्या निरीक्षणांनुसार भार मोठा आणि एकसुरीपणाही जास्त असला की आजारपणाची शक्यता वाढते. तालमीचा नेम अभिमानाने सांगितला जातो तो नेमका पहिल्या आठवड्यासारखा असतो, आणि चैत्र-वैशाखात गावोगावच्या जत्रांची मैदाने सुरू झाली की त्यावर इनामी कुस्त्यांची भर पडते.

सकाळी अंथरुणातच मोजलेली नाडी, दोन ठोक्यांमधील अंतराचा चढउतार, स्नायूंची झीज दाखवणारे क्रिएटिन कायनेज हे रक्तातील विकर, पाठीवर बांधायचे जीपीएस यंत्र अशी साधनेही आता वापरात आहेत. त्यांना कमी लेखण्याचे कारण नाही, परंतु 56 अभ्यासांचा धांडोळा घेऊन ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी 2016 मध्ये काढलेला निष्कर्ष यंत्रविक्रेत्यांना फारसा रुचणारा नाही: झोप, मनःस्थिती, अंगदुखी यांविषयी खेळाडूने स्वतः दिलेली उत्तरे भारातील बदल अनेक शारीरिक मापांपेक्षा अधिक अचूकपणे टिपतात. जुने वस्ताद पठ्ठ्याच्या ताटावरून आणि चेहऱ्यावरून अंदाज बांधत, तो या दृष्टीने निराधार नव्हता. उणीव होती ती लिहून ठेवण्याची, कारण रोज दोन टक्क्यांनी उतरणारी प्रकृती नजरेला दिसत नाही, वहीत दिसते.

अडचण निराळीच आहे. वहीतला आकडा खरा असेल तरच तिचा उपयोग, आणि ज्याच्या हाती वही तोच कुस्त्या नेमणार असेल तर मैदान हुकण्याच्या भीतीने थकलेला पैलवान 8 च्या जागी 5 लिहितो. मोठ्या संघांत डॉक्टर, फिजिओ आणि निवड करणारे वेगवेगळे असू शकतात. तालमीत या तिन्ही जबाबदाऱ्या बहुधा एकट्या वस्तादांवर असतात, तेव्हा जड आकडा लिहिणाऱ्याला एक दिवस हलका मिळतो पण त्याची कुस्ती कापली जात नाही, हे पोरांना दोन-चार वेळा प्रत्यक्ष दिसल्याशिवाय वही खरे बोलू लागत नाही.