किमान वेतन : वाढ किती आणि केव्हा?

किमान वेतन वाढविल्यास माल महागतो व कामगारकपात करावी लागते, असे कारखानदार म्हणतात. न वाढविल्यास महागाई मजुराच्या ताटातील पोळीच हिरावून घेते, असे कामगारपक्ष म्हणतो. दोहोंतही तथ्य आहे. मध्य प्रदेशात २०१४ मध्ये ठरलेले मूळ दर थेट १ एप्रिल २०२४ रोजी बदलले. वाढ सुमारे २५ टक्क्यांची होती. उद्योजकांच्या अर्जावरून उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने मे महिन्यात तिला स्थगिती दिली व डिसेंबरात ती उठविली. वस्तुतः १९४८ च्या किमान वेतन कायद्यात पाच वर्षांच्या आत फेरविचाराची तरतूद होती. ती वेळच्या वेळी पाळली गेली असती, तर मालकास एकदम भार पडला नसता आणि मजुरासही हक्काच्या पैशासाठी न्यायालयाच्या दाराकडे डोळे लावून बसावे लागले नसते.