कुणासमोर उभं राहायचं

१७५ ग्रॅमची प्लास्टिकची चकती, शंभर मीटर लांब नि सदतीस मीटर रुंद मैदान आणि दोन्ही बाजूंना सात-सात खेळाडू. चकती हातात आली की धावायचं नाही. एक पाय रोवायचा आणि समोरची बचावपटू मोठ्यानं दहापर्यंत मोजून संपायच्या आत ती सोबतिणीकडे फेकायची. मैदानाच्या टोकाला आखलेल्या अठरा मीटरच्या पट्ट्यात कुणी ती झेलली की एक गुण, आणि जमिनीला लागली की चकती समोरच्या संघाची. अल्टिमेट फ्रिसबी हा खेळ १९६८ साली अमेरिकेत न्यू जर्सीतल्या मेपलवूड गावी कोलंबिया हायस्कूलच्या मुलांनी सुरू केला. त्याचं सगळ्यात मोठं वेगळेपण म्हणजे मूळ नियमांनुसार त्यात निकाल देणारा पंच नाही. धक्का लागला असं जिला वाटतं ती स्वतःच ओरडून खेळ थांबवते. जिच्यावर ठपका येतो ती तो मान्य करते किंवा नाकारते. नाकारला, तर चकती फेकणारीकडे परत जाते आणि तेवढा खेळ पुन्हा होतो. याला खेळाडू ‘स्पिरिट ऑफ द गेम’ म्हणतात. जागतिक स्पर्धांतही खेळाडूंचाच शब्द चालतो. पुढचा सगळा मुद्दा या एका सवयीवर उभा आहे, म्हणून ती आधी सांगितली.

या खेळात पैसा आणि तिकिटं आली ती २०१२ मध्ये, अमेरिकन अल्टिमेट डिस्क लीगबरोबर. नियमानं स्त्रियांना मज्जाव नव्हता, पण एखाद-दुसरा अपवाद सोडला तर संघ पुरुषांचेच राहिले. कॅमेरे, जाहिराती, लहान मुलांनी सही मागायला यावं असे चेहरे, सगळं एकाच बाजूला साचलं. ज्या खेळात स्त्रिया आणि पुरुष एकाच संघातून खेळण्याची जुनी रीत आहे, तिथे हे फारच टोचलं. २०१७ च्या अखेरीस अनेक नामवंत खेळाडूंनी, त्यांत पुरुषही होते, जाहीर केलं की स्त्रियांना बरोबरीचं स्थान मिळत नाही तोवर आम्ही या लीगमध्ये खेळणार नाही. त्याच लाटेतून प्रीमियर अल्टिमेट लीग उभी राहिली. २०१९ च्या पहिल्या हंगामात आठ संघ होते: अटलांटा, ऑस्टिन, कोलंबस, इंडियानापोलिस, नॅशव्हिल, न्यूयॉर्क, रॅली आणि थेट कोलंबिया देशातलं मेडेयिन. पश्चिमेकडच्या शहरांनी नंतर वेस्टर्न अल्टिमेट लीग काढली, सिअ‍ॅटलचा टेम्पेस्ट संघ तिच्यातला. ‘व्यावसायिक’ या शब्दावरून गलेलठ्ठ करार डोळ्यांसमोर आणू नयेत. या खेळाडू दिवसा नोकरी करतात आणि संध्याकाळी सराव.

प्रीमियर अल्टिमेट लीगनं स्वतःची ओळख ‘स्त्रियांची’ अशी करून दिली, आणि त्याच दमात सांगितलं की ट्रान्स, नॉनबायनरी आणि इंटरसेक्स खेळाडूंनाही इथे जागा आहे. जन्माच्या वेळी कागदावर काय लिहिलं गेलं याला महत्त्व नाही. अनेकांना यात विसंगती दिसते. दार सगळ्यांना उघडं ठेवायचं तर स्त्रियांचा संघ म्हणायचं कशाला? माझ्या मते यात विसंगती अजिबात नाही. स्त्रियांचा वेगळा गट निर्माण झाला, कारण ‘सर्वांसाठी खुल्या’ म्हणवणाऱ्या मैदानावर काही माणसांच्या वाट्याला चकतीच येत नव्हती. त्या गटाचं काम ही उणीव भरून काढणं आहे. ट्रान्स स्त्री किंवा नॉनबायनरी खेळाडू पुरुषांच्या व्यावसायिक संघात सुखानं खेळू शकते का, याचं प्रामाणिक उत्तर ज्याला ठाऊक आहे, त्याला या गटाचं दार तिच्यासाठीही का उघडायचं हे वेगळं सांगावं लागत नाही.

अल्टिमेटला हे जमलं, कारण त्याच्या भाषेत एक सुंदर सोय आधीपासून होती. मिश्र सामन्यात प्रत्येक संघाच्या सात जणांत एका गटाचे चार आणि दुसऱ्या गटाचे तीन असं प्रमाण असतं, आणि चार कोणाचे हे ठरावीक क्रमानं बदलत राहतं. अलीकडे हे मोजताना ‘स्त्री’ आणि ‘पुरुष’ म्हणण्याऐवजी ‘वुमन-मॅचिंग’ आणि ‘मॅन-मॅचिंग’ म्हटलं जातं. म्हणजे तू मैदानावर कुणासमोर उभी राहणार, कुणाचा बचाव करणार, एवढंच विचारायचं. तू कोण आहेस, हा प्रश्न मैदानाला पडत नाही. शब्द किरकोळ वाटेल, पण पुरावा मागणारा प्रश्न आणि जागा विचारणारा प्रश्न यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

आता खरा आक्षेप. पुरुषी पौगंडावस्थेतून गेलेल्या शरीराला उंची, लांब हात, जास्त स्नायू मिळतात. हे नाकारण्यात अर्थ नाही. संप्रेरक उपचारांनंतर हिमोग्लोबिन काही महिन्यांत उतरतं, पण स्नायूंचं बळ सावकाश आणि थोडंच घटतं, आणि उंची तर कमी होतच नाही. म्हणूनच जलतरणाच्या जागतिक संघटनेनं २०२२ मध्ये आणि अ‍ॅथलेटिक्सच्या संघटनेनं २०२३ मध्ये अशा खेळाडूंना स्त्रियांच्या गटातून वगळलं. अल्टिमेटमध्येही लांब फेकलेली चकती हवेत तरंगते तेव्हा उंच खेळाडूचा फायदा होतो. पण ही घड्याळाशी एकटीनं लावलेली शर्यत नाही. वाऱ्याचा अंदाज, मधलं बोट कडेच्या आत टेकवून मनगटाच्या एका झटक्यानं चकती सोडण्याचं कसब, समोरचीला हुलकावणी देऊन रिकाम्या जागेत पोचणं, यांवर बहुतेक गुण ठरतात. उंच खेळाडूसमोर कुणाला उभं करायचं हे कर्णधार ठरवते. सहा फुटी स्त्रिया तर आधीपासून खेळतातच, आणि पाच फुटी स्त्रिया त्यांच्यावर मात करतातच. शिवाय अंगाला अंग भिडवणं नियमबाह्य आहे. जलतरणाचा नियम या मैदानावर जसाच्या तसा लावण्याचं कारण मला दिसत नाही. ऑलिंपिक पदकासाठी निकष वेगळे असावेत असं कुणी म्हटलं, तर तो वाद वेगळा करता येईल.

दार बंद करण्याची किंमतही हिशेबात धरायला हवी, आणि ती किंमत भारतानं मोजलेली आहे. २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत आठशे मीटरचं रौप्य मिळवणाऱ्या शांती सौंदराजनचं पदक लिंगचाचणीनंतर काढून घेतलं गेलं. धावपटू द्युती चंदला २०१४ च्या राष्ट्रकुल स्पर्धेआधी संघातून वगळलं, आणि २०१५ मध्ये क्रीडा लवादानं तिला वगळणारा नियम स्थगित केल्यावर तिचा मार्ग पुरता मोकळा झाला. या दोघीही मुली म्हणूनच जन्मल्या, मुली म्हणूनच वाढल्या. स्त्रीत्व तपासायला उंबरठ्यावर पहारेकरी बसवला की तो प्रत्येकीकडे संशयानं बघतो. जिचे खांदे रुंद, जिचा आवाज भरदार, तिला आधी थांबवतो. ज्या खेळानं फाऊलचा निर्णयसुद्धा खेळाडूंच्या सचोटीवर सोडला, त्यानं आपल्याच खेळाडूचं शरीर तपासायला पंच नेमावा, हे त्याच्या स्वभावाशी जुळत नाही.

चेन्नई, बेंगळुरू, मुंबई, पुणे अशा शहरांत आज जो अल्टिमेट खेळला जातो तो बहुतांशी मिश्र आहे. तिथे प्रत्येक गुणाआधी सात जण ओळीत उभे राहतात, समोरच्या ओळीकडे बोट दाखवून ‘मी तिला घेते’ म्हणतात, मग एक हात वर जातो आणि चकती सुटते.